चार लोकं बसवायच्या आधी

शेतातली घाई सरली की वऱ्हाडात बैठकींना सवड मिळते. पोरगी महिन्याभरापासून माहेरी येऊन बसलेली असते. रविवारी सकाळी मुलाकडची गाडी दारात थांबते आणि तिच्यातून मुलाचा बाप, त्याचा मामा, गावचा एखादा माजी सरपंच आणि ज्याच्या शब्दावर सोयरीक जुळली होती तो मध्यस्थ असे चौघं उतरतात. ओसरीवर सतरंजी, मग चहा, मग पीकपाण्याची चौकशी. मग कुणीतरी घसा साफ करतं, ‘हं, सांगा बाप्पा, गोठ काय झाली ते.’ पुढचे दोन तास हिशेबाचे. तिनं काय केलं, त्यानं काय केलं, आंदणात काय आलं, दिवाळीला घ्यायला कोण आलं नाही. जिच्याबद्दल हे चाललेलं असतं ती दाराआड उभी असते. ज्याच्याबद्दल चाललेलं असतं तो एकतर आलेलाच नसतो, नाहीतर भिंतीला टेकून मोबाइल बघत असतो. शेवटी वडीलधारे दोन्हीकडच्यांना चार शब्द सुनावतात, ती बॅग भरते आणि त्याच गाडीत बसून सासरी जाते. पोळ्यापर्यंत ती परत आलेली असते.

बैठकीला नावं ठेवायचं कारण नाही. तिला पैसे लागत नाहीत, तारखा पडत नाहीत, दोन्ही घरांची अब्रू झाकलेली राहते आणि कितीतरी बायकांना तेवढाच एक आधार असतो. अडचण तिच्या प्रश्नात आहे. बैठक विचारते, चूक कोणाची? कोर्टही बहुतेकदा तेच विचारतं, फक्त कागदावर. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचं शास्त्र, ज्याला शहरात सरसकट ‘फॅमिली थेरपी’ म्हणतात, ते हा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच विचारतं: आधी कोण काय करतं, त्यावर दुसरं काय करतं, आणि मग तिसरं? उत्तर ऐकलं की लक्षात येतं, भांडण एका माणसाच्या स्वभावात नसतं, ते फेऱ्यासारखं घरभर फिरत असतं.

दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणावं. घर कल्पनेतलं, पण ओळखीचं वाटेल. आठ एकर कोरडवाहू, म्हातारा-म्हातारी, चौतिशीतला मुलगा, अठ्ठावीस वर्षांची सून, चार वर्षांचं लेकरू. नणंद अकोटला दिलेली. संध्याकाळी मुलगा वावरातून येतो. ओसरीवरच आई त्याला दिवसभराचं सांगते: आज सुनेनं भांडी आपटली, उलटून बोलली. तो हातपाय न धुता आत जातो, ‘काहून वं, आईले काय म्हणलं?’ सून गप्प होते आणि स्वयंपाक झाल्यावर माहेरी फोन लावते. तिची आई रात्रभर झोपत नाही. सकाळी भावाचा फोन येतो, तो जरा आवाज चढवून बोलतो. जावयाचा अपमान होतो. तो संध्याकाळी घरी न येता पानठेल्यावर थांबतो, खर्रा घोटून होईपर्यंत, मग आणखी तासभर. उशिरा आल्यावर आई उठून जेवायला वाढते. सून ते अंथरुणातून बघते. दुसऱ्या दिवशी भांडी पुन्हा आपटतात.

यात सुरुवात कुठं झाली? आईच्या मते भांड्यांपासून. सुनेच्या मते ‘काहून वं’पासून, आणि मुलाच्या मते मेहुण्याच्या फोनपासून. प्रत्येकजण साखळी आपल्याला सोयीच्या कडीपासून मोजतो, आणि प्रत्येकाचा हिशेब बरोबर येतो. म्हणूनच बैठकीत दोन्ही बाजू खरं बोलत असूनही निवाडा टिकत नाही.

१९५०च्या दशकात अमेरिकेत मरी बोवेन या मनोविकारतज्ज्ञानं रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयात राहायला बोलावून असे फेरे जवळून पाहिले. त्याच दशकात आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णापाशी ठेवलं होतं. भारतात घरच्यांना उपचारात घेण्याची कल्पना बाहेरून आयात झाली असं जे समजतात, त्यांनी हे तंबू आठवावेत.

बोवेनचा सगळ्यात कामाचा विचार त्रिकोणाचा. दोन माणसांतला ताण त्या दोघांना पेलवेनासा झाला की ती तिसऱ्याला ओढून घेतात. सासू आणि सून एकमेकींशी बोलत नाहीत, दोघी मुलाशी बोलतात. नवरा आणि बायको एकमेकांशी बोलत नाहीत, दोघं लेकराच्या अभ्यासावरून भांडतात. वऱ्हाडातला नवरा अशा वेळी हमखास म्हणतो, ‘मी दोघींच्या मधात पिचलो.’ थोडं निष्ठुर वाटेल, पण नीट पाहिलं तर तो पिचलेला कमी आणि निरोप्या जास्त असतो. इकडचा निरोप तिकडे पोचवतो, तोही आपलं तिखट-मीठ टाकून. त्यानं करायची गोष्ट एकच, आणि ती अवघड आहे. ओसरीवर आईनं सुरुवात केली की शांतपणे म्हणायचं, ‘आई, हे तू तिलेच सांग. मी संग बसतो, पण मधात बोलत नाई.’ आईला पहिल्या दिवशी राग येतो. ‘बायकोचा झाला’ हे वाक्य येणारच, ते धरून चालावं. बोवेनच्या भाषेत याला स्वतःचं वेगळेपण राखणं म्हणतात. वेगळं निघणं नव्हे. आपल्याकडे हे दोन शब्द ऐकताना हमखास गल्लत होते आणि समुपदेशकानं ‘थोडं वेगळं व्हा’ म्हटलं की म्हातारी चुलीचा विचार करायला लागते.

हा त्रिकोण कागदावर दिसतो. समुपदेशक पहिल्या-दुसऱ्या भेटीत कोरा कागद आणि पेन घेऊन कुटुंबाचा नकाशा काढतात. घरीही काढता येतो. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. लग्न झालेल्यांना जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली मुलांच्या उभ्या रेघा, थोरला डावीकडे. तीन पिढ्या काढायच्या: आजी-आजोबा, आई-बाप, आपण. वारलेल्यांच्या चौकोनावर किंवा गोलावर फुली. आता खरं काम. ज्यांचं फार सख्य त्यांच्यात दोन-तीन समांतर रेघा, ज्यांचं पटत नाही त्यांच्यात करवतीसारखी नागमोडी रेघ, बोलणंच बंद असेल तर मधे तुटलेली रेघ. वर सांगितलेल्या घराचा नकाशा काढला तर आई आणि मुलाच्या मधे तीन रेघा येतील, सासू-सुनेत करवत, आणि नवरा-बायकोत? बहुतेकदा तिथं पेन थांबतं. एक साधी रेघ काढावी की नाही, हेच ठरत नाही. तेवढ्या एका थांबण्यातून घराला जे कळतं ते बैठकीत दोन तासांत कळत नाही. वरच्या पिढीकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. म्हातारी स्वतः सून असताना तिची सासू आणि तिचा नवरा यांच्यातही त्याच तीन रेघा होत्या.

घराच्या भिंतींबद्दल बोलणारा माणूस म्हणजे साल्वादोर मिनुशिन. अर्जेंटिनात जन्मलेला, पुढे फिलाडेल्फियात गरीब वस्तीतल्या कुटुंबांबरोबर काम केलेला. त्याचं ‘फॅमिलीज अँड फॅमिली थेरपी’ हे पुस्तक १९७४चं. त्याचं म्हणणं असं की घरात नवरा-बायकोची जोडी, आईबाप म्हणून त्यांची जोडी, भावंडं, म्हातारे, असे लहान लहान गट असतात आणि त्यांच्यामधे दार हवं. भिंत नको आणि भगदाडही नको. बंद होणारं आणि उघडणारं दार.

वऱ्हाडी घरात हे दार कुठं नसतं? लोकांना वाटतं, स्वयंपाकघरात. खरं तर ते पैशात नसतं. सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर, कापसाचा चुकारा म्हाताऱ्याच्या खात्यात, सोयाबीनचे पैसेही तिथंच. चौतीस वर्षांचा बाप झालेला माणूस लेकराच्या शाळेच्या फीसाठी ओसरीवर उभा राहून पैसे मागतो, आणि त्याच्या बायकोला सॅनिटरी पॅड घ्यायचे असतील तर ती नवऱ्याला सांगते, नवरा म्हाताऱ्याला काहीतरी दुसरंच कारण सांगतो. म्हाताऱ्याला वाटतं, पोरगं पैसे उडवतं. सुनेला वाटतं, नवऱ्याला घरात किंमत नाही. किंमत नसलेल्या नवऱ्याशी ती ज्या स्वरात बोलते तो स्वर सासूच्या कानावर पडतो. भांडण भांड्यांवरून दिसतं. त्याचं मूळ पासबुकात असतं.

अशा घरात मिनुशिनच्या पद्धतीनं काम करणारा समुपदेशक प्रेमाबद्दल फार बोलत नाही. तो म्हाताऱ्याला खोलीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणून मान देतो, त्याच्याशी आधी बोलतो, पीक विचारतो. हे नाटक नाही. कुटुंबात शिरायचं तर त्याच्या चालीनं शिरावं लागतं. मग तो तिथंच, खोलीत, तोच व्यवहार करायला लावतो: ‘तुम्ही मुलाकडे बघून सांगा, दर महिन्याला त्याच्या घरखर्चाला किती द्यायचे.’ बोलणं अडलं की तो खुर्च्या हलवतो. मुलगा आईशेजारी बसला असेल तर त्याला उठवून बायकोशेजारी बसवतो. खुर्ची बदलल्यानं काय होणार, असं वाटेल. पण आईच्या खांद्याला खांदा लावून बायकोला जाब विचारणं आणि बायकोशेजारी बसून आईशी बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शरीराला डोक्याच्या आधी कळतं. घरी याचा सोपा अवतार असा: चुकारा आला की त्यातली ठरलेली रक्कम, थोडी का असेना, सरळ मुलगा-सुनेच्या खात्यात, आणि तिचा हिशेब मागायचा नाही. हे एवढं झालं तरी निम्म्या घरांतला आवाज खाली येईल.

व्हर्जिनिया सटीर या बाईंनी ताणाखाली माणसं घेतात त्या चार पवित्र्यांचं वर्णन केलं आहे. कुठलीही बैठक आठवली की ते चौघं दिसतात: ‘माझंच चुकलं’ म्हणून मिटवणारा, बोट रोखणारा, कोरडेपणानं रीतभात आणि कायदा सांगणारा, आणि वातावरण तापलं की ‘चहा घ्या चहा’ म्हणणारा.

आता नवरा-बायको. त्यांच्यातला सगळ्यात नेहमीचा फेरा म्हणजे एकानं मागे लागायचं आणि दुसऱ्यानं पळायचं. ती बोलू बघते, तो टाळतो. तो टाळतो म्हणून ती आवाज वाढवते. आवाज वाढला म्हणून तो चपला घालतो. वऱ्हाडाला ही गोष्ट नवी नाही. कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातलं, तिथली लेक रुक्मिणी. रुसून दिंडीरवनात जाऊन बसली आणि विठ्ठल तिला शोधत पंढरपूरला आला, अशी कथा सांगतात. तिथं पळणारी ती होती आणि मागे जाणारा तो, एवढाच फरक. आजही पंढरपुरात दोघांची मंदिरं वेगळी आहेत आणि दर आषाढीला कौंडण्यपूरहून तिची पालखी निघते. देवादिकांचं जमलं, घरोघरी मात्र कुणाला तरी फेरा थांबवावा लागतो.

वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांना बोलायला बसवून, त्यांच्या छातीचे ठोके मोजत, हे पाहिलं. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला समोरचं बोलणं नीट ऐकूच येत नाही, आणि ते खाली यायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे पानठेल्यावर जाणं मुळात चूक नाही. चूक आहे न सांगता जाण्यात. ‘आता माझं डोकं तापलं. अर्ध्या घंट्यानं येतो, मग बोलू,’ एवढं म्हणून गेलेला माणूस आणि तोंड फिरवून गेलेला माणूस ठेल्यावर एकाच बाकड्यावर बसलेले असतात. मागं घरी मात्र एकीला वाट पाहायची असते आणि दुसरीला फोन लावायचा असतो. अर्ध्या तासानं परत यायचं, हे त्यातलं पथ्य. आणि ठेल्यावर बसून मनात भांडण घोळवत राहिलं तर ठोके खाली येत नाहीत.

गॉटमनची दुसरी गोष्ट बोलण्याच्या सुरुवातीबद्दल. पहिलं वाक्य तिखट निघालं की पुढचं सगळं तिखट होतं. ‘तुमाले घरचं काई पडलंच नाई!’ हा हल्ला झाला; याला उत्तर म्हणून बचाव किंवा उलटा हल्लाच येणार. तीच बाई असंही म्हणू शकते, ‘काल लेकराले घेऊन मी एकटीच दवाखान्यात गेली. मले भेव वाटलं. उद्या तुमी संग या.’ काय घडलं, मला काय वाटलं, आता काय हवं. तीन तुकडे. यात ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुमच्या घरचे सगळे’ हे शब्द येत नाहीत. नवऱ्यालाही हेच लागू. ‘तुझी माय शिकवते तुले’ हे वाक्य तर कायमचं टाकून द्यावं. गॉटमनच्या अभ्यासात संसार मोडण्याची सगळ्यात पक्की खूण राग नव्हती, तुच्छता होती. रागावलेल्या जोडप्याचं जमू शकतं. ओठ मुरडणाऱ्याचं अवघड.

शिवाय गॉटमन यांचं निरीक्षण असं की जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. एकाला माणसांचा गोतावळा आवडतो, एकाला नाही. एक खर्चिक, एक चिक्कट. हे ऐकून निराश व्हायचं कारण नाही. महालक्ष्म्या थोरल्याकडे बसवायच्या की धाकट्याकडे, हा वाद वीस वर्षं चालू असूनही सुखानं नांदणारी घरं प्रत्येकाला माहीत आहेत.

घरी करून पाहण्यासारखा एक सराव आहे. आठवड्यातून एकदा, लेकरू झोपल्यावर, वीस मिनिटं. हातात काहीतरी धरायचं, घराची किल्ली चालेल. जिच्या हातात किल्ली ती बोलणार, दोन-तीन वाक्यंच. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं: ‘तू म्हणतेस की तुले इथं कोणी विचारत नाई असं वाटते.’ ती ‘हो’ म्हणाली की किल्ली त्याच्याकडे. पहिल्या वेळी हसू येतं, दुसऱ्या वेळी चीड येते. गाडी किंवा कर्ज असल्या मोठ्या विषयांनी सुरुवात करू नये; रविवारी कुठं जायचं, इतपत घ्यावा. नवरा तयार नसेल तर? एकटीनं सुरू करावं. बोवेन स्वतः पुष्कळदा घरातल्या एकाच माणसाबरोबर काम करत. फेऱ्यातली एक कडी वेगळी वागली की बाकीच्यांना जुनं पाऊल टाकायला जागा सापडत नाही.

वऱ्हाडात या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे. नवरा बोलत नाही, घुम्यासारखा बसतो, वसकन अंगावर येतो, रात्री उठून अंगणात फिरतो, ही तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या घरी प्रश्न संसाराचा नसून नैराश्याचा असू शकतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त त्याचे निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. आधीच्या आकड्याकडे पुन्हा पाहावं. शंभरातले पंचाण्णव कुणाकडेच जात नव्हते. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्पही २०१५पासून विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी सुरू झाला. त्यात आशाताई घरोघरी विचारपूस करतात. आशाताईला ‘आमच्या यांचं जरा बघा’ म्हणायला लाजू नये.

कर्ज असलेल्या घरात ऑस्ट्रेलियाच्या मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडच्या डेव्हिड एप्स्टन यांची युक्ती उपयोगी पडते. ते माणूस आणि त्याचा प्रश्न वेगळे करतात. ‘हा कर्जबाजारी’ असं न म्हणता कर्ज हाच घरात घुसलेला एक आगंतुक समजायचा आणि विचारायचं: तो घरात कधी शिरला? तो आला की तुम्ही एकमेकांशी काय बोलायचं बंद करता? असा कुठला दिवस होता की तो दाराशी होता, पण तुम्ही त्याला आत येऊ दिलं नाही? एखादी बाई सांगते, ‘पोरीच्या वाढदिवसाले रोडगे केले होते, त्या दिवशी यायनं कर्जाचं नाव काढलं नाई.’ मग त्या दिवसाबद्दल तासभर बोलायचं. दारूच्या बाबतीतही हा प्रश्न चालतो. पण दारू शरीरात मुरली असेल तर बोलण्याच्या आधी डॉक्टर लागतो, आणि अचानक सोडल्यावर थरथर, भास होऊ लागले तर तातडीनं दवाखाना.

इथं एक लाल रेघ. मारहाण असेल, धमकी असेल, घरात एका माणसाची दुसऱ्याला भीती वाटत असेल, तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नये. फेऱ्याचा सिद्धांत तिथं लागू होत नाही. १९७०-८०च्या दशकांत स्त्रीवादी अभ्यासकांनी याच शास्त्राला धारेवर धरलं होतं की ‘दोघांचा वाटा’ म्हणत तुम्ही मार खाणारीला निम्मी जबाबदार धरता. टीका रास्त होती. एकत्र बसवल्यावर खोलीत बोललेल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब तिला रात्री घरी द्यावा लागतो. आपला कायदाही इथं स्पष्ट आहे: २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या नियमांनुसार समुपदेशनात पुरुषाला हिंसेचं समर्थन मांडता येत नाही. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथं चालत नाही. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२, आणि जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी. पोलिस ठाण्याच्या आवारात ‘महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष’ असतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम नंतर राज्यभर गेलं. तिथली कार्यकर्ती पोलिस नसते, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली असते, आणि ती बाईशी आधी एकटीशी बोलते.

बाकीच्यांनी कुठं जावं? अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे, आणि तिथं समुपदेशक असतो हे पुष्कळांना केस टाकेपर्यंत माहीत नसतं. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायाधीशाचं कर्तव्यच ठरवलं आहे. वकील असणं हा तिथं हक्क नाही, आणि एका बाजूनं मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड होते. समुपदेशकापुढे बोललेलं गोपनीय राहतं, त्याला साक्षीला बोलावत नाहीत. त्यामुळे तिथं वकिलानं शिकवलेलं बोलण्यापेक्षा मनातलं बोलावं. केस टाकायचीच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी होते, १५१०० हा त्यांचा क्रमांक. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, इथं मनोविकारतज्ज्ञ भेटतात. फोनवर मराठीत बोलायचं तर टेलि-मानस, १४४१६.

खासगी समुपदेशकाकडे जाताना पाटीवर भुलू नये, ती कुणीही लावतं. शिक्षण कुठलं, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, हे सरळ विचारावं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. पहिल्याच भेटीत निवाडा देणारा, एकाची बाजू घेणारा, पत्रिका मागणारा, किंवा ‘बाईनंच थोडं सोसावं’ म्हणणारा माणूस टाळावा. आणि तो जोडून देईलच अशी अपेक्षाही ठेवू नये. काही जोडपी या बोलण्यातून नीट वेगळी होतात: परस्पर संमतीनं, लेकरू कोणत्या सुट्टीत कुणाकडे हे लिहून ठेवून, आणि एकमेकांच्या आईबापाला शिव्या न देता. तेही कामच आहे.

पहिल्या भेटीत बहुधा विचारतील, ‘आज रात्री झोपेत काही चमत्कार झाला आणि हा त्रास नाहीसा झाला, तर सकाळी उठल्यावर तुम्हाला कशावरून कळेल?’ स्टीव्ह द शेझर आणि इन्सू किम बर्ग या अमेरिकेतल्या जोडप्याचा हा प्रश्न. ‘सगळं चांगलं होईल’ असं मोघम उत्तर देऊ नये. आधीच घरी विचार करून जावं: चहा कोण करेल, कोण कुणाला हाक मारेल, कोणत्या शब्दांत. मग विचारतील, दहापैकी आज किती? तीन म्हटलं तर दोन का नाही, हे विचारतील. तिथं जे उत्तर येतं त्यावर पुढचं काम चालतं.

बैठक बसवायचीच असेल तर तीही थोडी बदलता येते. मुलीला दाराआडून सतरंजीवर आणावं. आणि हिशेब सुरू होण्याआधी वडीलधाऱ्यानं एकेकाला एवढंच सांगायला लावावं: मागच्या वेळी भांडण झालं त्या संध्याकाळी, कुणी आधी काय केलं, मग काय झालं. एकानं बोलताना दुसऱ्यानं थांबायचं. लिहून घ्यायला गावातलं एखादं शिकलेलं पोरगं बसवावं.

समुपदेशकाच्या भेटी पंधरा दिवसांच्या अंतरानं ठेवाव्यात. सहा ते दहा पुरतात, काहींना जास्त लागतात. मोर्शी-वरुडहून अमरावतीला, मूर्तिजापूर-अकोटहून अकोल्याला यायचं तर सकाळची बस गाठता येईल अशी वेळ मागून घ्यावी. मृगाच्या पेरणीत आणि सोयाबीन काढणीच्या आठवड्यात तारीख घेऊ नये, नवरा येणार नाही, आणि मग तो आला नाही यावरूनच नवीन भांडण लागेल.